सम्यक वाचा आणि खेळाचे मैदान

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या व्यावसायिक संघांत काळ्या खेळाडूंना कित्येक दशके मज्जाव होता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघात येणार म्हणताच काही गोऱ्या खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध अर्ज काढण्याचा घाट घातला. संघाचे प्रशिक्षक लिओ ड्युरोशर यांनी मध्यरात्री सर्वांना उठवून बजावले की, रॉबिन्सन खेळणारच. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरले.

यातून आपण काय घ्यावे? अपमानिताला ‘सोसून घे’ सांगणे ही मैत्री नव्हे. अधिकार ज्याच्या हाती, त्याने आधी बोलावे. अन्याय पाहून गप्प बसणे ही सम्यक वाचा नव्हे. तुमच्या मुलाला मैदानावर जातीवरून कोणी हिणवले, तर त्याला घरी बसवू नका. गुरुजींना भेटा आणि सर्वांसमोर बोलण्याचे त्यांचे कर्तव्य त्यांना सांगा.