पाठ बारावा : उंबरठ्यावरची साखर

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत आरोग्य शिबिर भरले होते. आम्ही तेव्हा शाळेचे हेडमास्तर होतो. मुलांसमोर आपणच मागे कसे राहायचे? म्हणून उपाशीपोटी रक्त द्यायला आम्ही पहिला हात पुढे केला. शेजारचे आबाही बरोबर आले.

आमची साखर ११८ निघाली. आबांची १९० निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात, अजून मागे फिरता येईल. आबा मात्र आत गेलेले दिसतात. पुन्हा तपासून खात्री करू आणि गोळ्या सुरू करू."

आबा हसले. म्हणाले, "मला काय धाड भरलीय? रानात राबणारा गडी मी!"

या आजाराचे असेच आहे. सुरुवातीला काहीच दुखत नाही.

साखर रक्तात का साठते?

आपण भाकरी, भात, पोळी खातो. पोटात त्यांची साखर होते आणि ती रक्तात जाते. जठरामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात येतो. हा रस साखरेला कामाला लावतो. पोटावर चरबी वाढली, चालणेफिरणे कमी झाले, की शरीर या रसाचे ऐकेनासे होते. मग साखर रक्तातच राहते. वर्षानुवर्षे असे चालले, तर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा बिघडतात.

आमचा हिशेब

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. दिवसाला आठ कप चहा. कपाला दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दिवसाचे झाले ८० ग्रॅम. महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर, तीही नुसत्या चहातून! पूर्वी आम्ही शाळेत चालत जात असू. मोटारसायकल घेतली आणि पाय थांबले.

आम्ही कडक पथ्य सुरू केले. आठ दिवस पाळले. नवव्या दिवशी एका बारशाच्या जेवणात ते मोडले, ते महिनाभर मोडलेलेच राहिले. तेव्हा आमची सौ. म्हणाली, "एवढं कडक कशाला? जन्मभर पाळता येईल तेवढंच धरा."

मग आम्ही चारच गोष्टी धरल्या.

१. चहा दोनच कप, तोही बिनसाखरेचा. कोणी आग्रह केला, तर ताक मागायचे. लोक आधी रुसले. मग सवयीचे झाले. साखरेऐवजी गूळ चालतो, असे समजू नका. गुळानेही रक्तातील साखर वाढते.

२. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट डाळ किंवा उसळ. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच खावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही साखर वाढवते.

३. रोज अर्धा तास भरभर चालणे. जे रानात रोज अंगमेहनत करतात, त्यांनी ती सोडू नये.

४. दरवर्षी रक्त तपासणे.

चेन्नईचा अनुभव

हे केवळ आमचे म्हणणे नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा साधा सल्ला दिला. दुसऱ्या गटाला चालायला व खाणे आवरायला सांगितले आणि वरचेवर त्यांची विचारपूस केली. तीन वर्षांत पहिल्या गटात शंभरांतील ५५ जणांना मधुमेह झाला. दुसऱ्या गटात ३९ जणांना झाला. म्हणजे शंभरांत सोळा माणसे वाचली. पण सवयी बदलूनही ३९ जणांना तो झालाच. म्हणून तपासणी चुकवू नये.

आबांचा पाय

आबांनी दोन महिने गोळ्या घेतल्या. बरे वाटले, म्हणून सोडल्या. गेल्या वर्षी त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. नसा बधिर झाल्या होत्या, त्यामुळे काटा कळलाच नाही. जखम चिघळली. अखेर अंगठा काढावा लागला.

आम्ही भेटायला गेलो. आबा म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी मी हसलो. तुम्ही तरी मला कान धरून न्यायचं!"

आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही आपला चहा सोडला होता, पण शेजाऱ्याची विचारपूस केली नव्हती.

आता आबा नियमित औषध घेतात, रोज रात्री पायांचे तळवे पाहतात आणि ताट आमच्यासारखेच वाढून घेतात. आमची साखर या वर्षी १०४ आली. आम्ही अजून उंबरठ्यावरच आहोत, पण आत गेलेलो नाही.

लक्षात ठेवा

वय तीसच्या पुढे असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते. औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. उपवासही त्यांना विचारूनच करा. गोळी घेणाऱ्याला एकाएकी घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर साखर कमी झाली असेल. तो शुद्धीवर असेल, तर लगेच थोडी साखर खायला द्या आणि दवाखान्यात न्या.

प्रश्न

१. आबांना काटा मोडलेला का कळला नाही?
२. तुमच्या घरी महिन्याला किती साखर लागते? हिशेब करून वहीत लिहा.
३. तपासणीला तुम्ही बरोबर कोणाला न्याल?