पादसुप्ती : स्नेहन-स्वेदनापूर्वी निदान

‘पायांना मुंग्या येतात’, ‘चप्पल निसटली तरी कळत नाही’ अशा तक्रारी नाशिक परिसरातील आपल्या चिकित्सालयांत नित्याच्याच आहेत. सुप्ती दिसताच वातव्याधी समजून तैल व शेक योजण्याकडे आपला कल असतो. परंतु सुप्ती हे अनेक व्याधींचे लक्षण आहे आणि बधिर पायास उष्णता कळत नसल्याने शेकाने तो भाजू शकतो. म्हणून प्रथम कारण शोधणे अगत्याचे ठरते.

प्रमेह : दोन्ही तळव्यांपासून वर सरकणारी बधिरता असल्यास रक्तशर्करा तपासावी. हातापायांची सुप्तता व दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे चरकाचार्यांनी निदानस्थानात सांगितली आहेत.

बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता : शुद्ध शाकाहारी व्यक्ती आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे रुग्ण यांत ती आढळते. औषधविक्रेत्यांनी अशा ग्राहकास तेलाची बाटली देण्यापूर्वी वैद्यांकडे धाडावे.

नाडीपीडन : कंबरेतून एकाच पायात उतरणारी वेदना व बधिरता गृध्रसी सुचविते. कांदा लागवडीत तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या बाहेरील बाजूची नाडी दबून पाऊल वर उचलता येईनासे होते.

कुष्ठ : फिकट अथवा तांबूस चट्ट्यावर स्पर्श कळत नसल्यास, वा नाडी जाड लागल्यास, रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे, तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. विलंबाने येणारे व्यंग पुढे बरे होईलच असे नाही.

तातडीची लक्षणे : बधिरतेसह अशक्तपणा काही दिवसांत पायांतून वर चढत असेल, विशेषतः आधी अतिसार झाला असेल, तर गीयाँ-बारे विकाराची शंका घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचा उद्रेक झाला होता. श्वसनाचे स्नायू दुर्बल होण्याचा धोका असल्याने रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. गुदद्वार व जननेंद्रियाभोवती बधिरता येऊन मूत्र अडल्यासही हाच नियम. येथे शस्त्रक्रियेस झालेला उशीर कायमचा अपाय करतो.

परीक्षण : रुग्णाचे डोळे मिटवून कापसाने स्पर्श तपासावा, घोट्यावर कंपनकाटा ठेवावा, पावलाची नाडी पाहावी आणि बोटांच्या बेचक्यांत जखम शोधावी. यास दहा मिनिटे पुरतात.

कारण निश्चित झाल्यावर अभ्यंगास अवश्य स्थान आहे. मात्र तेल कोमटच असावे आणि त्याची उष्णता वैद्याने स्वतःच्या हातावर पाहावी; रुग्णाच्या पायावर ती जोखू नये.