‘व्यामिश्र’ आणि ‘इव’

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन भगवंतांच्या भाषणाला ‘व्यामिश्र’ असे विशेषण लावतो. ‘मिश्र’ शब्दाला ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी युद्धाची आज्ञा केली आणि त्याच मुखाने कर्माहून बुद्धी श्रेष्ठ सांगितली. मग ऐकणाऱ्याने करावे तरी काय?

येथे ‘संदिग्ध’ हा प्रतिशब्द पुष्कळदा योजतात. तो चालतो, परंतु त्याचे मूळ निराळे. ‘दिह्’ म्हणजे लेपणे, माखणे. ज्याचे रूप लेपाखाली झाकले ते संदिग्ध. व्यामिश्रात झाकलेले काहीच नसते. दोन्ही गोष्टी उघड दिसतात, आणि अडचण होते ती त्यामुळेच.

या विशेषणाला अर्जुनाने ‘इव’, म्हणजे ‘जणू’, हे अव्यय जोडले आहे. श्रीशंकराचार्य त्याचे मर्म उलगडतात: भगवंतांचे बोलणे स्पष्टच आहे, मंदबुद्धी श्रोत्याला मात्र ते मिसळल्यासारखे भासते. लखनौच्या मोठ्या इमामबाड्यातील भुलभुलैया ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन पटेल. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने ही वास्तू उभारण्यास घेतली. खाली सुमारे ५० मीटर लांबीचा, मध्ये एकही खांब नसलेला दिवाणखाना. वर एकमेकांत गुंतलेले अरुंद बोळ. वाट चुकलेल्या प्रवाशाला तो गोंधळ वाटतो. बांधणाऱ्याच्या मनात गोंधळ असता तर ते छत उभे राहिले नसते. गोंधळ आहे तो प्रवाशाच्या ठिकाणी; हेच ‘इव’.

शके १२१२ मध्ये श्रीज्ञानेश्वर महाराजांनी हा प्रसंग रंगविताना अर्जुनाकडून गूढार्थ सोडून ‘मऱ्हाटा’ विवेक सांगण्याची विनवणी करविली आहे. भाषेचे नाव तेथे ‘स्पष्ट’ या अर्थाने आले आहे, याचा मराठी वाचकाला आनंद व्हावा. थोडा संकोचही व्हावा, कारण घरात आपण किती मऱ्हाटे बोलतो?

समजा, एक मराठी गृहस्थ नोकरीनिमित्त लखनौस स्थायिक झाला आहे. गावी वृद्ध आई धाकट्या भावाजवळ राहते. भाऊ विचारतो, “दादा, आईला तिकडे केव्हा नेणार?” उत्तर मिळते, “बघू. नाही कोण म्हणतो? पण मुलांची शाळा आहे, आईला थंडी सोसेल का, तेही पाहिले पाहिजे.” यातील एकही वाक्य खोटे नाही, तरी आईचे गाठोडे बांधायचे की सोडायचे, हे भावाला कळत नाही. येथे ‘इव’ला जागा नाही. श्रोता मंदबुद्धी नसून वक्त्यानेच निर्णय टाळला आहे.

भगवंतांनी मात्र अर्जुनाला ‘बघू’ म्हटले नाही. ज्ञाननिष्ठा कोणाची, कर्मनिष्ठा कोणाची, हे त्यांनी प्रथम वेगळे केले आणि मग ‘तू नियत कर्म कर’ असे नेमके सांगितले. इतके होऊनही पाचव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन जवळजवळ तोच प्रश्न पुन्हा विचारतो. भगवान रागावत नाहीत, पुन्हा समजावतात. अर्जुनाच्या तोंडी ‘गतसंदेह’ हा शब्द येतो तो थेट अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात. आणि त्यातही धातू तोच, लेप सांगणारा ‘दिह्’.