घोरणे लपवू नका



गेल्या वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. भूलतज्ज्ञांनी विचारले, “घोरता का?” मी हसून म्हणालो, “थोडंसं.” शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, “डॉक्टर, झोपेत यांचा श्वास थांबतो. मी हलवून उठवते.” मला लाज वाटली, पण तिच्या त्या शब्दांमुळे पुढची सारी तयारी बदलली.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. एरवी मेंदू आपल्याला जागे करतो. भुलीची आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधे मात्र घसा आणखी सैल करतात व जाग येणेही मंदावते.

डॉक्टरांनी आठ गोष्टी तपासल्या: मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहणे, रक्तदाब, लठ्ठपणा, ५० च्या पुढचे वय, ४० सेंटिमीटरहून जाड मान आणि पुरुष असणे. पाच किंवा अधिक जुळल्या तर धोका मोठा. माझ्या सहा जुळल्या. झोपेची तपासणी होऊन मला सीपॅप मशीन मिळाले. मगच ऑपरेशन झाले. त्या रात्री मी डोके उंच ठेवून, तेच मशीन लावून झोपलो. बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी होती.

तुमचे ऑपरेशन ठरले तर रात्री तुमच्याजवळ झोपणाऱ्या माणसाला डॉक्टरांकडे सोबत न्या. मशीन असेल तर दवाखान्यात घेऊन जा. न विचारता झोपेची गोळी घेऊ नका. आपले घोरणे आपल्याला ऐकू येत नाही. ज्याला येते, त्याला बोलू द्या.