माल आणि माणसे

वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७

शिक्षक बंधुभगिनींनो, पौलाच्या जलप्रवासाचा पाठ घेताना आपण वादळाविषयी पुष्कळ बोलतो. पण लूकने दिलेल्या एका आकड्यापाशी क्वचितच थांबतो. तारवात २७६ जण होते. माल समुद्रात टाकला, गहूही टाकला. माणसे मात्र मोजली गेली आणि सगळी किनाऱ्याला लागली. हा आकडा मुलांच्या मनात ठसावा म्हणून आपल्याच किनाऱ्यावरून निघालेल्या एका जहाजाची हकिगत सांगावी.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिश इंडिया कंपनीचे ‘तिलावा’ हे जहाज मुंबईहून मोंबासा व दरबानकडे निघाले. याच समुद्रमार्गाने गोव्यातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेली होती. तिलावावर ७३२ उतारू, २२२ खलाशी व अधिकारी आणि ४ तोफवाले, असे ९५८ जण होते. मालात ६० टन चांदी होती.

२३ तारखेला पहाटेपूर्वी जपानी पाणबुडीचा पाणतीर जहाजाला लागला. घबराटीत लोकांनी होड्यांकडे धाव घेतली. जहाज लगेच बुडाले नाही, म्हणून काही जण परत वर चढू लागले. इतक्यात दुसरा पाणतीर आला व तिलावा तळाला गेले. २८० जण मरण पावले. उरलेल्यांनी होड्यांत व तराफ्यांवर दोन दिवस काढले. मग ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने त्यांतील बहुतेकांना उचलून २७ तारखेला मुंबईस आणले.

पुढे २०१७ साली ती चांदी समुद्रतळातून वर काढण्यात आली. तिचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०२४ साली निकाल लागला. बुडालेल्या माणसांसाठी नातलग मुंबईत स्मरणास जमले ते २०२२ साली, म्हणजे ८० वर्षांनी. चांदीच्या विटांची मोजदाद झाली; त्या २८० जणांतील किती नावे आपण ऐकली आहेत?

इब्रामपूरसारख्या लहान गावातूनही माणसे दूरदेशी कामाला जातात. पुढच्या रविवारी मुलांनी आपल्या घरातून वा आळीतून बाहेर गेलेल्यांची नावे लिहून आणावीत व वर्गात मोठ्याने वाचावीत.

प्रश्न : १. तारवातील लोकांनी काय टाकले व काय राखले? २. आपल्या मंडळीत कोणाची विचारपूस राहून गेली आहे?