आई-बाबांना युरोप दाखवा, पण नाताळात नको

अमरावती-अकोल्याकडची पोरं पुण्या-बंगलोरला आणि तिथून पुढे म्युनिक-फ्रँकफर्टला स्थिरावली, की घराचं कर्ज जरा हलकं होताच मनात येतं ते आई-बाबांना युरोप दाखवायचं. ही इच्छा चांगली आहे आणि ती लांबणीवर टाकू नये. पण ती अमलात येते तेव्हा बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. ऑफिसची रजा नाताळात मिळते, नातवंडांच्या शाळेलाही तेव्हाच आठ-दहा दिवस सुट्टी असते, म्हणून तिकिटं 24-25 डिसेंबरची निघतात. मग आलोच आहोत तर म्हणून पॅरिस, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम अशी पाच शहरं दहा दिवसांत बसवली जातात. माझं म्हणणं असं की सत्तरीच्या आसपासच्या वऱ्हाडी माय-बापासाठी ही वेळही चुकीची आहे आणि ही रीतही. सहल ज्यांच्यासाठी काढली त्यांचं शरीर, त्यांची झोपेची वेळ आणि त्यांच्या वर्षाचं गणित हे रजेच्या तक्त्याआधी पाहायला हवं. ते कोणी पाहत नाही, आणि खर्च करूनही म्हातारी माणसं हॉटेलच्या खोलीत बसून राहतात.

सगळ्यात आधी उजेडाचा हिशेब करा, कारण जाहिरातीत तो कधीच दिलेला नसतो. डिसेंबरच्या शेवटी अमरावतीचा दिवस जवळपास 11 तासांचा असतो. व्हिएन्नात तेव्हा सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो, म्हणजे उजेड सव्वाआठ तासांचा. प्रागला त्याहून थोडा कमीच. त्यात बरेच दिवस आभाळ गच्च भरलेलं, ऊन म्हणून दिसत नाही. आता यात घड्याळाचा फरक मिळवा. हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. जी आई आयुष्यभर पहाटे पाचला उठली, तिला तिथे रात्री साडेबारालाच जाग येते, आणि उजाडायला अजून सात तास असतात. परक्या खोलीत, बाहेर काळोख, चहा करायची सोय नाही, घरातले बाकीचे गाढ झोपलेले. पहिले चार-पाच दिवस तरी असेच जातात, आणि दहा दिवसांच्या सहलीत चार-पाच दिवस म्हणजे निम्मी सहल. त्यातून एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला रेल्वेने किंवा बसने चार-पाच तास लागले, तर उरलेल्या उजेडात एखादं चर्च आणि एखादा चौक, एवढंच हाती लागतं.

दुसरी गोष्ट बंद दारांची. नाताळ हा तिथला घरात बसण्याचा सण आहे, आपल्या लक्ष्मीपूजनासारखा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात 24 तारखेला दुपारनंतर दुकानं मिटतात आणि 25, 26 हे दोन्ही दिवस सुट्टीचे. पॅरिसचं लूव्र 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला बंद, रोमचं कोलोसियमही त्याच दोन दिवशी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं 25 आणि 26 ला बंद. लंडनमध्ये 25 तारखेला भुयारी रेल्वे धावतच नाही. आणि ज्या नाताळबाजारांच्या फोटोंवर भुलून आपण जातो, त्यातले जर्मनीतले बरेचसे नाताळच्या आदल्या दिवसापर्यंतच आवरतात. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार 24 डिसेंबरला दुपारी संपतो. शाळेला सुट्टी लागल्यावर निघालेलं कुटुंब तिथे पोचतं तेव्हा लाकडी खोपटी उतरवण्याचं काम चाललेलं असतं. प्रागचा बाजार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो हे खरं, पण गर्दीही मग तिथेच लोटते.

जुन्या शहरांची जमीन हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रागच्या जुन्या भागातला रस्ता म्हणजे मुठीएवढे दगडी ठोकळे एकाला एक लावून बसवलेले. दोन ठोकळ्यांच्या मधली फट बोटभर, वरचा भाग शतकानुशतकं पायांनी गुळगुळीत झालेला, आणि हिवाळ्यात त्यावर ओल किंवा बर्फाचा पातळ थर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अशा रस्त्यावर प्रत्येक पाऊल खाली बघूनच टाकावं लागतं. ज्या चार्ल्स पुलाचं काम 1357 मध्ये सुरू झालं, त्या पाचशे मीटरच्या पुलावर तीस पुतळे आहेत, पण बाबांची नजर दगडांवर खिळलेली असेल तर ते पुतळे पाहायचे कधी? व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, तिथे चाकाची खुर्ची अर्ध्या वाटेवर अडते. आपल्याकडच्या पिढीने जन्मभर चप्पल घातलेली असते, त्यांना बंद बूट एकदम चढवले तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो. आई साडीच नेसणार असेल तर निऱ्यांचा काठ ओल्या रस्त्यावर भिजतो आणि ते गार कापड दिवसभर घोट्याला लागत राहतं. साडी थोडी वर नेसावी, आत लोकरी लेगिंग असावी, आणि बूट निघण्याआधी दोन महिने घरच्या अंगणात घालून मऊ करावेत. हे डिसेंबरला लागतंच, पण मे महिन्यातही उपयोगी पडतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो. बाबा रात्रीच्या लायनीत वावरात ओलीत करतात, दहा-बारा अंशांत पाण्यात उभे राहतात, त्यांना थंडीचं काय सांगता? आक्षेप खरा आहे आणि त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आपली थंडी कोरडी आहे, रात्रीपुरती आहे. सकाळी नऊ वाजता ओट्यावर ऊन येतं आणि शरीर पुन्हा तापतं. व्हिएन्नात दुपारीही पारा शून्य ते चारच्या आसपास असतो, तापायला ऊन नाही. सतत थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. शिवाय गारठ्यात लघवीला वारंवार जावं लागतं, तिथली स्वच्छतागृहं दूर असतात आणि बरीचशी पैसे घेणारी. संकोचापोटी आई पाणी पिणंच कमी करते आणि मग त्रास वाढतो. बाहेरच्या गार बाकावर बसवत नाही, आत बसायचं तर दर वेळी काहीतरी मागवावं लागतं.

शेतकरी घरांच्या बाबतीत मन हा आणखी मोठा मुद्दा आहे. डिसेंबर म्हणजे पराटीवर कापूस फुटलेला, वेचणीला मजूर मिळत नाहीत, तूर काढणीला येते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि कापसाच्या भावाकडे रोज लक्ष असतं. अशा वेळी बापाला उचलून पॅरिसला नेलं तर तो आयफेल टॉवरखाली उभा राहूनही गावी फोन करून किती कापूस झाला हेच विचारणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. याउलट एप्रिलच्या शेवटापासून मृगापर्यंत वावर रिकामं असतं. अकोल्याचा पारा 45 च्या घरात जातो तेव्हा व्हिएन्नात दुपारी 20 अंश असतात, मेच्या मध्याला तिथे पहाटे सव्वापाचला उजाडतं आणि रात्री साडेआठपर्यंत दिसतं. उन्हाळ्यात घड्याळाचा फरकही साडेतीन तासांवर येतो. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा इथे राहणाऱ्या नातवंडांचीही अडचण नाही.

रजा नाताळातच मिळते, असं म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये 1 मे, मग येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार अशा सुट्ट्या मे-जूनमध्ये येतात. त्यातल्या एखादीला रजेचे चार दिवस जोडले की शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. मे महिन्यात विमानाचं तिकीट महाग पडतं हे मान्य. पण पाच शहरांऐवजी दोनच शहरं केली, एक घर आठवड्यासाठी भाड्याने घेतलं आणि स्वयंपाक घरीच केला, तर तो फरक भरून निघतो. रोषणाई पाहायचीच असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, किंवा स्पेनमधलं सेव्हिल निवडा. तिथे त्या महिन्यातही दुपारी कोवळं ऊन असतं, जमीनही सपाट आहे.

शहरं निवडताना यादी मोठी करण्यापेक्षा घराशी धागा जुळणारं ठिकाण शोधा. आपल्याकडच्या माणसाला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात उभं करा आणि सांगा की इथे पुरलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली. त्याने 29 नोव्हेंबर 1803 ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई जिंकली आणि 15 डिसेंबरला गाविलगड घेतला. शिंद्यांशी त्याचा तह झाला तो आपल्या सुर्जी-अंजनगावला, 30 डिसेंबरला. ज्याने परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना तो किल्ला पाहिलाय, त्याला ही कबर परकी वाटणार नाही. ऑक्सफर्डला न्या आणि सांगा की पापळ गावचे पंजाबराव देशमुख इथे वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, आणि परत येऊन त्यांनी 1932 मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. मँचेस्टरच्या बाजूला गेलात तर कापसाची गोष्ट सांगा. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे हात पसरला. प्रागचं खगोलीय घड्याळ 1410 चं आणि गाविलगड 1425 चा, एवढं जरी सांगितलं तरी बाबांच्या डोळ्यांपुढे दोन्ही एका काळात उभे राहतात. अशी दोन ठिकाणं निवांत पाहिली तर ती वर्षानुवर्षं बोलण्यात राहतात.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिली दमछाक तिथेच होते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निकालाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 सुद्धा. बोटांचे ठसे द्यायला अर्जदाराला स्वतः हजर राहावं लागतं. मुंबईची वेळ मिळाली असेल तर बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रभराची गाडी, म्हणून त्याच दिवशी परत आणायची घाई करू नका, एक रात्र मुक्काम ठेवा. हे ठसे पुढच्या जवळपास पाच वर्षांच्या अर्जांना चालतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने बऱ्याच बापांकडे विवरणपत्र नसतं. अशा वेळी सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, बँकेचा उतारा आणि खर्च मी करतो असं मुलाचं पत्र सोबत जोडावं. आधार, पासपोर्ट आणि बँक यांत आईचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं नाही ना, हे आधीच पाहा. इंग्लंडसाठी व्हिसा वेगळा लागतो, शेंगेन तिथे चालत नाही. विमा किमान 30,000 युरोचा सक्तीचा आहे, पण आधीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबाला तो कितपत लागू होतो, ते कलम स्वतः वाचल्याशिवाय पैसे भरू नका. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव, आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत मोफत मिळते, फक्त 48 तास आधी कळवावं लागतं. बाबा नको म्हणतील, तरी कळवाच.

आईच्या डब्याचंही आधी बोलून घ्यावं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरच्या लोण्याचं तूप, पेढे, खव्याची बर्फी हे सगळं विमानतळावर काढून टाकलं जातं, आणि आपली संत्रीही. तिने रात्र जागून कढवलेलं तूप कचऱ्याच्या डब्यात जाताना पाहणं तिला सोसत नाही. त्यापेक्षा ज्वारीचं पीठ, तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि पापड न्यावेत. आठवड्यासाठी घर घेतलेलं असेल तर तव्यावर भाकर आणि पिठलं होतं, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवलेली आई संध्याकाळी हौसेने बाहेर पडते.

मग नाताळच्या त्या दहा दिवसांचं काय करावं? घरी या. गाविलगड पाहायला डिसेंबर उत्तम आहे, चिखलदरा अमरावतीहून 80-85 किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तूर काढणीत दोन दिवस बापाबरोबर वावरात राहा. आणि त्याच मुक्कामात आई-बाबांचे पासपोर्ट, सातबारा आणि बँकेचा उतारा पुढे घेऊन बसा, कारण मेच्या प्रवासाचा व्हिसा अर्ज तेव्हा खुला झालेला असतो.