एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा? आधी सुपरहीट मोजून घ्या

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा फळे, दूध किंवा आइस्क्रीम ठेवणाऱ्यांच्या कोल्ड रूमवर सर्वाधिक ताण येतो. खोली थंड होईना की अनेकदा ऐकायला मिळते, ‘एक्स्पान्शन व्हॉल्व्ह गेला.’ तो बिघडतोही. पण गॅस कमी असला किंवा फिल्टर चोक झाला, तरी लक्षणे तशीच दिसतात.

व्हॉल्व्ह काय करतो?
कॉइलला पेलेल तेवढाच द्रवरूप गॅस तो आत सोडतो. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर त्याचा बल्ब बांधलेला असतो. नळी तापली की बल्बमधला दाब वाढून वाट उघडते. नळी गार झाली की स्प्रिंग आणि कॉइलमधला दाब मिळून ती आवळतात.

पैसे देण्याआधी
- मेकॅनिकला सुपरहीट मोजायला सांगा: बल्बजवळच्या नळीचे तापमान वजा तिथल्या दाबाला गॅस उकळण्याचे तापमान. ते साधारण ५ ते ८ अंश सेल्सिअस असावे. बरेच जास्त असेल तर कॉइल उपाशी आहे. शून्याजवळ असेल तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो निकामी होण्याचा धोका आहे.
- बल्ब सैल झालाय का, त्यावरचे इन्सुलेशन निघालेय का, ते पाहा. हा दोष जवळजवळ फुकटात सुटतो.
- गॅसची गळती आणि फिल्टर ड्रायर तपासून घ्या.

अंदाजे खर्च (छोटी कोल्ड रूम)
- व्हॉल्व्ह: २,५०० ते ५,००० रुपये
- नवा फिल्टर ड्रायर: ५०० ते १,५०० रुपये
- नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि मजुरी: २,००० ते ४,००० रुपये
- आर-४०४ए गॅस: किलोला ८०० ते १,५०० रुपये

कंपनी, क्षमता आणि हंगामानुसार हे आकडे बदलतात. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो.

सिस्टिम उघडली की ड्रायर बदलायलाच हवा. त्यात कसर करू नका. ओलावा आत राहिला तर तो व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठतो आणि नवा व्हॉल्व्हही अडकतो.

घरच्या स्प्लिट एसीत बहुधा कॅपिलरी, तर इन्व्हर्टर एसीत अनेकदा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह असतो. तिथे बल्बवाल्या व्हॉल्व्हचे बिल आले, तर तो भाग दाखवायला सांगा.

जुना व्हॉल्व्ह परत मागा आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे सुपरहीट बिलावर लिहून घ्या. पुन्हा बिघाड झाला तर वॉरंटी मागताना हाच पुरावा कामी येतो.